कुरडया आणि हवेचा पाईप

मधुकररावांच्या घरची मोरी तुंबली, हे नत्थूजीच्या कानावर तीन माणसांच्या तोंडून आलं. तिघांनीही ते सांगताना त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू मोरीत तोच जाऊन बसला होता.

घर नवंकोरं होतं. धरमपेठेच्या पलीकडे, कालपरवापर्यंत जिथे तूर उभी असायची तिथे, सेक्रेटरिएटातल्या बारा कारकुनांनी मिळून सोसायटी काढली होती. साल चौपन्न. बारा प्लॉट आखून झाले होते, पण घर उभं राहिलं होतं एकच, सोसायटीचे सेक्रेटरी मधुकरराव यांचं. बाकी अकरा जणांनी "मधुकररावांचं कसं काय होतं ते पाहू, मग आपण" असा सावध विचार केला होता. कारकुनांनी तो करायचा नाही तर कोणी करायचा? त्या घराचं सगळं नळकाम नत्थूजीचं होतं. फ्लशचा संडास, न्हाणीघर, स्वयंपाकघरातली मोरी आणि मागच्या अंगणातली सेप्टिक टाकी, सगळ्याला त्याचा हात लागलेला. काम पसंतीस उतरलं तर उरलेली अकरा घरंही त्याच्याकडेच येणार होती. ते ठरवायला रविवारी सकाळी मधुकररावांच्या बैठकीत कमिटी बसणार होती. आणि मोरीनं बोभाट्याचा मुहूर्त साधला तो गुरुवारचा.

नत्थूजी जातीनं कोष्टी. घरात खड्ड्याचा माग होता आणि त्यावर थोरला भाऊ बाबनराव अजूनही लुगडी विणायचा. लढाईच्या काळात सुताची टंचाई झाली, तेव्हा नत्थूजी कामठीच्या छावणीत मजूर म्हणून लागला आणि तिथल्या बराकींचे पाईप टाकता टाकता मिस्त्री होऊन बाहेर पडला. बिडाच्या पाईपाच्या सांध्यात आधी सुतळी ठासायची आणि मग वितळलेलं शिसं ओतायचं, हे काम त्याच्यासारखं सुबक कोणाला साधत नसे. सुतळी वळायला कोष्ट्याची बोटं लागतात, असं तो म्हणायचा. रुपराव मिस्त्रीला मात्र हे पटत नसे. "कोष्ट्याले पाईप काय समजते गा?" असं तो चहाच्या दुकानात बसून खुशाल विचारायचा, आणि ऐकणारे हसायचे. अकरा घरं मिळाली तर ते हसणं बंद झालं असतं. नाही मिळाली तर बाबनरावाशेजारी खड्ड्यात पाय सोडून बसायचं, दुसरा रस्ता नव्हता. नत्थूजीला माग वाईट वाटत होता असं नाही. त्याला पाईप आवडत होते, इतकंच.

शुक्रवारी सकाळी तो सायकलला बांबूची लांब कामटी बांधून हजर झाला. दारातच यमुताई उभ्या होत्या. यमुताई म्हणजे मधुकररावांच्या आई, वय पासष्टीचं, सगळा जन्म महाल भागातल्या जुन्या घरात गेलेला. नव्या घरातलं त्यांना एकच आवडलं होतं, ती लांबरुंद गच्ची. एका गोष्टीवर मात्र त्यांचा दात होता, ती म्हणजे घराच्या छपराखाली आलेला संडास. त्याच्या दारावरून नुसतं जायचं झालं तरी त्या पदर नाकाला लावत.

"ये," त्या म्हणाल्या. "पाहा तुझी करणी. आठ दिवस झाले, पाणी जाता जात नाही. आणि वास तर असा येऊन राहिला की देवाला नैवेद्य दाखवायची लाज वाटते."

"आठ दिवस झाले जी? मंग आधी काहून नाही सांगतलं?"

"मधू म्हणाला, नवं आहे, बसेल हळूहळू. मोरी काय चप्पल आहे पायात बसायला?"

नत्थूजी हसला नाही, हसण्यासारखी वेळ नव्हती. त्याने न्हाणीतली जाळी काढली, कामटी घातली, पार टाकीपर्यंत ढोसून पाहिलं. निघालं काय, तर मूठभर केस, शिकेकाईचा चोथा आणि भांडी घासायची राख. एवढ्यानं मोरी तुंबत नसते. त्याने पाणसळ लावून ढाळ तपासला, तोही बरोबर. मग बादलीभर पाणी ओतलं. पाणी गेलं, पण कसं, तर सासरी निघालेल्या पोरीसारखं, चार पावलं पुढे आणि दोनदा मागे वळून. मध्येच गुडगुड असा आवाज आला आणि एक भला मोठा बुडबुडा वर येऊन फुटला.

"चारुशीलाबाई, जरा संडासाची साखळी ओढा जी," तो म्हणाला.

चारुशीला म्हणजे मधुकररावांची बायको. तिने साखळी ओढली आणि नत्थूजी स्वयंपाकघराच्या मोरीपाशी कान देऊन बसला. वरून पाणी सुटलं तशी इकडची मोरी घटकन आवंढा गिळल्यासारखी वाजली, आणि पाठोपाठ वासाचा भपकारा आला. यमुताई पदर लावून देवघरात गेल्या.

मोरीच्या तोंडाखाली पाईपाला एक वाक दिलेला असतो. त्या वाकात ओंजळभर पाणी कायम थांबून राहतं आणि तेच खालची घाण हवा घरात येऊ देत नाही. नत्थूजीने काडी घालून पाहिलं, तर ते पाणी पार उतरून गेलं होतं. कोणीतरी आतून ओढून घ्यावं तसं. हे काय गौडबंगाल, त्याला कळेना.

दुपारी मधुकरराव कचेरीतून आले ते सांगतच आले, की सकाळी रुपराव मिस्त्री रस्त्यात भेटला होता. "तो म्हणतो, ढाळच चुकलाय. फरशी फोडून पाईप काढावा लागेल. खरं काय ते सांग बाबा. परवा कमिटी आहे आणि ते सगळे हात धुवायला याच मोरीवर येणार."

"ढाळ चुकला नाही, साहेब. उद्याचा दिवस द्या मले."

"उद्याचाच देऊ शकतो," मधुकरराव म्हणाले. माणूस भला होता, पण फरशी शहाबादी होती आणि नुकतीच बसवलेली होती. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या काही केल्या मिटेनात.

त्या संध्याकाळी नत्थूजीला जेवण गेलं नाही. त्याची बायको जनाबाई ताटाशी बसून त्याच्याकडे पाहत राहिली. "काय होऊन राहिलं जी तुमाले?" तिने विचारलं. त्याने सगळं सांगितलं. तिला पाईपातलं काही कळत नव्हतं, पण तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि वर एक पोळी वाढली. त्यावर त्याला थोडं बरं वाटलं आणि ती पोळी त्याने खाल्ली.

शनिवारी तो उजाडताच आला. घराच्या मागच्या भिंतीला धरून एक उभा बिडाचा पाईप गच्चीच्या वर गेलेला होता. संडास आणि दोन्ही मोऱ्या त्यालाच जोडलेल्या. खाली, हाताच्या उंचीवर, त्या पाईपाला चार बोल्टांचं एक लहानसं झाकण होतं. नत्थूजीने ते झाकण काढलं आणि चारुशीलेला पाणी ओतायला सांगितलं. पाणी सुरळीत निघून गेलं. ना गुडगुड, ना बुडबुडा. त्याने झाकण लावलं आणि पुन्हा ओतायला सांगितलं, तर पुन्हा तेच रडगाणं. झाकण काढलं, पाणी पळालं. लावलं, अडलं.

नत्थूजी मटकन अंगणातच बसला. आदल्या दिवसापासून पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला होता.

"सापडलं का हो काही?" चारुशीलेने खिडकीतून विचारलं.

"सापडलं जी. तुमची सुरई पाहा, खिडकीतली. पालथी केली तर पानी कसं येते?"

"थांबून थांबून. भकभक करत."

"काहून? तर पानी बाहेर येते तशी हवा आत शिराले पाह्यते, अन् तोंड एकच. दोघांचं भांडन होते. तिच्या बुडाले भोक पाडलं तर धो धो वाहील. आपल्या पाईपाचं वरचं तोंड म्हनजे ते भोक आहे. ते बंद झालं आहे. म्हनून हा पाईप मोऱ्यांतून हवा ओढून राहिला, अन् वाकातलं पानीबी त्याच्यासंगं जाते."

"म्हणजे फरशी नाही फोडायची?"

"नाही जी. मले फक्त गच्चीवर जाऊ द्या. चिमनीनं घरटं केलं असन."

इथे घोडं पेंड खायला लागलं. यमुताई जिन्याच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगावर ओलेत्याचं सोवळं होतं. गेले पंधरा दिवस त्यांचं उन्हाळकाम चाललं होतं. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून शिजवलेल्या कुरडया गच्चीवर धोतरांवर घातलेल्या होत्या. त्यांच्या कुरडया सोवळ्यात होत. वाळून डब्यात जाईपर्यंत त्यांच्या गच्चीवर पोटच्या पोरालाही जाता येत नसे, मग पाईपवाल्याची काय कथा.

"संध्याकाळी," त्या म्हणाल्या. "मी कुरडया उचलते, मग ये. तोवर गच्चीचं नाव काढू नको."

"ताई, नुसतं डोकावतो जी."

"डोकावलास तरी नजर जाते."

 नत्थूजी जिन्यापासून मागे फिरला. पण स्वस्थ बसवेना, तेव्हा त्याने खालूनच खात्री करून घ्यायचं ठरवलं. एका घमेल्यात गोवरी पेटवून त्यावर ओलं पोतं टाकलं आणि तो धूर झाकणाच्या भोकातून पाईपात घालू लागला. वरचं तोंड मोकळं असेल तर धूर गच्चीच्या कठड्यावर दिसायला हवा होता. तो मान वर करून पाहत राहिला. कठड्यावर नुसतं पांढरं ऊन होतं. धूर गेला कुठे, तर स्वयंपाकघरातून यमुताईंचा आवाज आला. "अगं चारू, मोरी पेटली की काय?" धूर सरळ मोरीतून निघून चुलीपाशी जाऊन बसला होता. पुढची पंधरा मिनिटं नत्थूजीला जे काही ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. पण वरचं तोंड बंद आहे, आणि चिमणीच्या घरट्यानं बंद व्हावं त्याहून पक्कं बंद आहे, हे त्याला कळलं. घरट्यातून निदान रेघभर तरी धूर गेला असता.

उन्हं कलली, कुरडया डब्यात गेल्या आणि नत्थूजी जिना चढला. मागून गुडघ्यावर हात ठेवत यमुताई आल्या. कोपऱ्यात, गच्चीपासून दोन हात उंच, पाईपाचं तोंड होतं, आणि त्या तोंडावर एक गाडगं पालथं घातलेलं होतं. नुसतं पालथं नव्हे. गाडग्याच्या काठाला शेणमातीचं लिंपण होतं, बोटांनी गुळगुळीत केलेलं, कुठे एक भेग नाही. असं लिंपण रुपरावाला सात जन्मांत जमलं नसतं. ते काम कोणाचं हे सांगायची गरजच नव्हती.

 नत्थूजीने हळूच लिंपण सोडवलं, गाडगं उचललं. आत चिंध्यांचा बोळाही होता.

"चारुशीलाबाई," त्याने कठड्यावरून खाली हाक मारली, "साखळी ओढा जी." मग तो यमुताईंना म्हणाला, "ताई, जरा या तोंडावर हात धरा. शिवू नका पाईपाले, वरूनच धरा."

यमुताईंनी नाक मुरडलं. पण हात पुढे केला, बहुधा उत्सुकतेनं. खाली पाणी सुटलं, आणि त्यांच्या तळहाताखालची हवा सर्रकन आत ओढली गेली. त्यांनी हात झटकन मागे घेतला आणि मग, कोणी न सांगता, पुन्हा धरला.

"ओढून राहिला रे हा," त्या हळूच म्हणाल्या.

"हो जी. याचा श्वास आहे तो."

यमुताईंना सगळं उमगलं. आठ दिवसांपूर्वी वाऱ्यानं या पाईपाचा वास कुरडयांवर आला होता. संडासाची हवा, सोवळ्यातल्या कुरडयांवर. त्याच दुपारी त्यांनी गाडगं लिंपलं होतं आणि नंतर मोरीशी त्याचा संबंध असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आता त्यांना नत्थूजीकडे पाहवेना. दोन दिवस आपण त्याला काय काय बोललो ते सगळं त्यांना एकदम आठवलं. त्या तशाच खाली निघून गेल्या.

नत्थूजी एकटाच कठड्याशी टेकून राहिला. गडी आता मोकळा होता. सरळ खाली जायचं आणि साहेबांना सांगायचं, तुमच्या मातोश्रींनी पाईपाचं तोंड लिंपलं, माझ्या कामात खोट नाही. अकरा घरं खिशात. आपलं काम निर्दोष ठरलं याचा त्याला आनंदही झाला होता, खोटं का सांगा. पण गच्चीवर नजर टाकली तेव्हा त्याला चिकाचे वाळलेले ठिपके दिसले, सगळ्या फरशीवर, पार पाईपाच्या बुडापर्यंत. आणि आठवली जनाबाई, घराच्या पत्र्यावर मुंगवड्या घालून दिवसभर कावळे हाकणारी. तिच्या मुंगवड्यांशेजारी कोणी असा पाईप आणून उभा केला असता तर? जनाबाई गाडग्यावर थांबली नसती, तिने पाईपच उपटला असता.

छावणीत पाईप छपराच्या वर दोन हात काढायचे. तेच माप त्याने इथे लावलं होतं. पण बराकीच्या छपरावर कौलं असतात, तिथे कोणी कुरडया घालत नाही. इथे चैत्र लागला की गच्ची म्हणजे बायकांचं दुसरं स्वयंपाकघर. हे छावणीतल्या गोऱ्या साहेबाला ठाऊक नव्हतं तर ठीक, पण नत्थूजी इथलाच होता. त्याला ठाऊक असायला हवं होतं.

रविवारी कमिटी बसली. मधुकररावांनी मोरीत बादलीभर पाणी ओतून दाखवलं, सगळ्यांनी वाकून पाहिलं, आणि पाणी शहाण्यासारखं निघून गेलं. सोसायटीचे चेअरमन कृष्णकांत, चष्मा नाकावर, वही मांडीवर, म्हणाले, "छान. पण आठ दिवस अडलं कशानं होतं? आम्हाला तेच पुढे अकरा घरांत भोगायचं नाही."

नत्थूजी दारापाशी उभा होता. मधुकररावांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनाही कारण ठाऊक नव्हतं. आदल्या संध्याकाळी त्याने "तोंड अडलं होतं, मोकळं केलं" एवढंच सांगितलं होतं.

"हवेचा पाईप म्या कमी उंचीचा लावला, साहेब," तो म्हणाला. "चूक माझी हाय. म्हनून तोंड अडलं."

 एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. "मग रुपराव म्हणत होता ते अगदीच खोटं नाही तर," कोणीतरी पुटपुटलं. कृष्णकांतांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पेन तसंच धरून ठेवलं.  बोलून बसलो खरं, आता घरी जाऊन बाबनरावाला काय सांगायचं, असं नत्थूजीच्या मनात आलं.

तेवढ्यात आतला पडदा हलला आणि यमुताई बाहेर आल्या. सहा परके पुरुष बसलेले असताना त्या बैठकीत कधी आल्या नव्हत्या. लेक दचकून उभा राहिला.

"बस, मधू," त्या म्हणाल्या. "तोंड अडलं नव्हतं, मी लिंपलं होतं. गाडगं घालून, शेणमातीनं. मला कुरडयांवर तो वास नको होता. पाणी माझ्यामुळे अडलं, आणि शिव्या मात्र मी याला दिल्या. यानं काल ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि आत्ता तुमच्यापुढे माझं नाव घेतलं नाही."

 मधुकरराव फरशीकडे पाहत होते.  आपल्या आईनंतर कोणा बाईमाणसानं आपल्यासाठी चारचौघांत असं उभं राहावं, हे नत्थूजीच्या वाट्याला आलं नव्हतं. त्याला काय करावं सुचेना, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

"पण पाईप खरंच कमी होता जी," तो अखेर म्हणाला. "गच्चीवर वाळवन होते, हे म्या ध्यानात घ्याले पाहिजे होतं."

कृष्णकांतांनी चष्मा वर केला. "मग किती उंच हवा?"

नत्थूजीने यमुताईंकडे एकवार पाहिलं. "बाईमानसानं स्टुलावर उभं राहून, हातात गाडगं धरून, टाचा वर केल्या तरी पोचनार नाही इतका."

आधी हसल्या त्या यमुताईच, पदरात तोंड लपवून, अंग हलेपर्यंत. मग बैठकीचा धीर झाला आणि सगळे हसले. कृष्णकांतांनी तसंच्या तसं वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि खाली अकरा घरांचं काम लिहिलं. कोणाकडे, हे विचारायचं कोणाला सुचलंही नाही.

अर्ध्या तासानं नत्थूजी बाहेर पडला. ऊन तापलं होतं, पण त्याला सायकलवर बसावंसं वाटेना. त्याला फार बरं वाटत होतं आणि ते बरं वाटणं चालत न्यावं असं वाटत होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळे प्लॉट होते, चुन्याच्या रेघा मारलेले, कोपऱ्यांत खुंट्या ठोकलेल्या. तो एकेका प्लॉटपाशी थांबे, मान वर करी, डोळे बारीक करून थोडा वेळ आभाळात पाही आणि मग पुढच्या प्लॉटपाशी जाई. ओल्या पोत्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन चाललेला एक बर्फवाला त्याच्यापाशी थबकला आणि त्यानेही वर पाहिलं. वर काहीच नव्हतं.

"काय पाहून राहिला गा?" त्याने विचारलं.

"पाईप," नत्थूजी म्हणाला. "अजून थोडा उंच पाह्यजे."